छायाचित्रातले शहर

मे महिन्याची सुट्टी लागली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कित्येक कुटुंबे मुंबई पाहावयास निघतात. कोणी बारामतीहून दौंडची गाडी धरतात, कोणी इंदापूरच्या स्थानकावर पहाटेच एस. टी.ची वाट पाहत उभे राहतात. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. मुंबईत एखादा मामा नाही तर आत्या असतेच. चार दिवसांनी मंडळी परत येतात ती दोन-तीनशे छायाचित्रे घेऊन. त्यांत गेटवे ऑफ इंडिया असते, राणीच्या बागेचे दार असते, मलबार टेकडीवरचा म्हातारीचा बूट असतो, मरीन ड्राइव्हचा कठडा असतो. आणि या प्रत्येकापुढे तीच पाच माणसे त्याच क्रमाने, त्याच ताठ मानेने उभी असतात. शेजारीपाजारी ती चित्रे कौतुकाने पाहतात. मुंबई कशी आहे, हे मात्र त्यांना त्या तीनशे चित्रांतून कळत नाही.

या सवयीचे मूळ जुने आहे. दागेर या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची रीत १८३९ साली जगापुढे आली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक जाणते छायाचित्रकार होते. परंतु ही कला खेड्यातील घरापर्यंत पोहोचावयास फार काळ लागला. तालुक्याच्या गावी स्टुडिओ निघाले, तेव्हा लग्नानंतर किंवा मुलगा मॅट्रिक झाल्यावर मंडळी ठेवणीतले कपडे घालून तेथे जात. मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर तळे, हंस, संगमरवरी जिना, कधी ताजमहालही असे. जत्रेतल्या तंबूत फळीवर रंगवलेली मोटार किंवा विमान ठेवलेले असे. त्यामागे बसलेल्या दोघी बहिणी जणू आत्ताच मुंबईला निघाल्या आहेत असे वाटे. त्या पडद्यांना कोणी हसू नये. ज्यांना शहर पाहावयास मिळत नव्हते, त्यांनी ते निदान रंगात पाहिले. मात्र आज खरे शहर समोर उभे असताना त्याचाही पडदाच करावा, ही गोष्ट चमत्कारिक आहे.

माणसाला जसा स्वभाव असतो, तसा मोठ्या शहरालाही असतो, आणि तो प्रसिद्ध इमारतींच्या दर्शनी बाजूवरच लिहिलेला असतो असे नाही. इमारती पाहू नयेत असा याचा अर्थ नव्हे. त्या नीट पाहाव्यात. बोरीबंदरचे भव्य स्थानक, ज्याला आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, ते बांधावयास १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे लागली. त्याच्या दाराशी एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. भिंतींवर मोर, माकडे आणि पानाफुलांच्या वेली कोरलेल्या आहेत. या कोरीव कामात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता. पाच जणांच्या रांगेमागे यातले काहीही दिसत नाही. त्याऐवजी धाकट्या बहिणीला त्या वाघाकडे बोट दाखवताना टिपले, तर तिचा चेहराही येतो आणि वाघही येतो.

पण शहराचा खरा स्वभाव असतो तो कामात. मुंबईत उपनगरी गाडीच्या फलाटावर सकाळी नऊ वाजता उभे राहावे. माणसांचा लोंढा येतो, क्षणात गाडीत शिरतो आणि कोणी कोणाशी न बोलताही चौथ्या आसनासाठी सरकून जागा देतो. साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्थानकाबाहेर पांढऱ्या टोपीतले डबेवाले डबे वेगळे करताना दिसतात. हे काम १८९० च्या सुमारास सुरू झाले. ते करणारी माणसे बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली, म्हणजे बारामतीकरांच्याच पुणे जिल्ह्यातली. २०२० च्या महामारीनंतर त्यांची संख्या बरीच घटली आहे. इंदापूरचा मुलगा मुंबईला परकी समजून बिचकत फिरतो, आणि त्याच मुंबईला दुपारचे जेवण वेळेवर पोहोचवणारा मनुष्य त्याच्याच जिल्ह्यातून आलेला असतो! हे कळले की शहराची भीती पुष्कळ कमी होते.

किंबहुना शहर आणि खेडे यांमधील दोर पाहावयास शिकणे, हाच अशा प्रवासाचा मोठा लाभ होय. इंदापूरच्या शिवारातले डाळिंब वाशीच्या बाजारात जाते. एखाद्या मुलाचे वडील त्या बाजारात मालाच्या थप्पीशेजारी उभे राहून आडत्याशी बोलत असताना त्याने चित्र काढले, तर ते गेटवेसमोरच्या चित्राहून कितीतरी बोलके होईल. गिरणगावाचेही तसेच. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली काढण्यात आली. पुढे घाटावरून आणि कोकणातून आलेल्या माणसांनी लालबाग-परळ भरून गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. आज तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. मध्येच एखादे धुरांडे शिल्लक दिसते. ज्या घरातले आजोबा गिरणीत कामाला होते, त्या घराने मुंबईत जाऊन केवळ म्हातारीच्या बुटाचे चित्र काढावे आणि त्या धुरांड्याखालून तसेच निघून जावे, हे मनाला पटत नाही.

यावर काही वडीलधारी माणसे म्हणतात, "फोटो माणसांचा काढायचा असतो. चेहरे नीट दिसले म्हणजे झाले." या म्हणण्यात तथ्य आहे. आजीचा चेहरा वाटाण्याएवढा दिसावा आणि मागची इमारत मात्र ठळक यावी, अशा चित्राचा घराला काय उपयोग? कुटुंबाच्या चित्रात कुटुंबच मुख्य असले पाहिजे. तथापि माणूस मुख्य असणे वेगळे आणि माणसाने सगळी जागा अडवणे वेगळे. आजी ट्रामच्या थांब्यावर बसलेली असली, तर तिच्याबरोबर तो थांबा येणारच. आणि पन्नास वर्षांनंतर नातवंडे आधी आजीकडे पाहतील व मग त्या थांब्याकडे पाहून प्रश्न विचारू लागतील.

कारण मागे जे उभे असते, ते काळाच्या ओघात नाहीसे होते. मुंबईची ट्राम १८७४ साली घोड्यांनी ओढली जात असे, १९०७ साली ती विजेवर चालू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. १९३७ साली आलेल्या दुमजली बसगाड्यांपैकी जुन्या, डिझेलवरच्या गाड्या २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात काळ्यापिवळ्या 'पद्मिनी' टॅक्सीचाही शेवट झाला. तिच्या दाराला टेकून मामांनी काढून घेतलेले चित्र त्या वेळी अगदी साधे होते; आज ते मुंबईच्या इतिहासाचे एक पान आहे. मामांना याची कल्पनाही नसेल.

ही गोष्ट शहरापुरतीच आहे असे मात्र नव्हे. मोरोपंत १७९४ साली वारले, तेव्हा छायाचित्रणाचा शोध लागावयाचा होता. म्हणून त्यांच्या काळचा बारामतीचा कऱ्हाकाठ कसा दिसत होता याची आज केवळ कल्पनाच करावी लागते. परंतु उजनीच्या धरणाची गोष्ट तशी नाही. ते १९८० साली पूर्ण झाले, तेव्हा कॅमेरे होते. भीमेचे पाणी मागे पसरत गेले आणि इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव त्यात बुडाले. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की जुने पळसनाथाचे मंदिर वर येते आणि ते पाहावयास लोकांची रीघ लागते. मंदिर दगडाचे, म्हणून टिकले. मातीची घरे, पार, बाजाराची जागा यांचे काय? ज्या कोणाच्या ट्रंकेत त्या गावातल्या एखाद्या लग्नाचे जुने चित्र असेल आणि त्यात वरातीमागे गल्ली दिसत असेल, त्याच्यापाशी ते गाव आहे. नवरानवरीचे चेहरेच तेवढे टिपले असतील, तर गाव गेले ते गेलेच.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावयास हवी. शहर टिपावयाचे म्हणून वाटेत दिसेल त्या हमालाच्या, कोळणीच्या किंवा पदपथावर झोपलेल्या माणसाच्या तोंडापुढे कॅमेरा धरू नये. बाजारात बसलेली बाई ही काही राणीच्या बागेतला हत्ती नव्हे! "मावशी, फोटो काढू का?" एवढे विचारावयास कितीसा वेळ लागतो? तिने नाही म्हटले तर हसून पुढे जावे. होय म्हटले तर दोन शब्द बोलावेत, तिचे गाव विचारावे. पुष्कळदा ते गाव ओळखीचे निघते. डबेवाल्याला मात्र थांबवू नये. त्याच्या पाठीमागे कोणाची तरी भूक उभी असते.

आता फोनमुळे चित्रांना तोटा नाही. पूर्वी साध्या पेटी-कॅमेऱ्याच्या एका रोलात मोजकीच चित्रे निघत, आणि रोल धुऊन येईपर्यंत घरात उत्सुकता असे. आज एका दुपारीत शंभर चित्रे निघतात आणि त्यातली नव्वद कोणी पुन्हा उघडून पाहत नाही. मुलांनी घरी आल्यावर त्यांतली दहा-बारा निवडावीत आणि बारामतीत किंवा इंदापुरात ती कागदावर छापून घ्यावीत. निवडताना आपण सुंदर दिसतो की नाही एवढेच पाहू नये. मागे कोणती पाटी आहे, कोणते वाहन आहे, कोण काम करीत आहे, तेही पाहावे. मग प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कागदावर वळ उठणार नाही अशा बेताने, तारीख, जागा आणि सगळ्यांची नावे लिहावीत. जागा लिहिताना नुसते 'मुंबई' लिहू नये. 'दादर स्थानक, पुलाची पश्चिमेकडची पायरी' असे लिहावे.