रेडिओजवळचा एक दिवस



टीव्ही आला, मागून मोबाईल आला आणि घराघरातला रेडिओ फळीवरून माळ्यावर गेला. आमचाही गेला होता. आषाढी पौर्णिमेच्या आधी घर झाडताना तो हाती लागला. नवे सेल घातले, यवतमाळ केंद्र 102.7 वर लावले आणि एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत तो बंद करायचा नाही असे ठरवले. जे केंद्र सगळ्यांच्या नावाने बोलते, ते आपल्याशी किती बोलते, एवढेच पाहायचे होते.

आकाशवाणीचे ब्रीद आहे 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. हे शब्द कोणाचे, असे आम्ही मोहल्ल्यातल्या पोरांना विचारले. एकाने सरकारचे म्हटले, दुसऱ्याने एका पक्षाचे नाव घेतले. बाबांनो, हे शब्द तथागतांचे आहेत. पहिला वर्षावास संपल्यावर सारनाथला साठ भिक्खूंना त्यांनी सांगितले, बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी फिरत राहा, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नका. एका वाटेने दोघे गेले तर दुसरे गाव राहून जाईल, हा त्यातला हिशेब.

सकाळची ती ओळखीची धून 1936 सालापासूनची. ती बांधणारे वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार. युरोपात ज्यूंचा छळ सुरू झाला तेव्हा ते मुंबईला आले होते. आपल्या पहाटेची सुरुवात एका परागंदा माणसाच्या सुरांनी होत आली, हे आम्हालाही फार उशिरा कळले.

संस्कृत बातम्या आकाशवाणीवर 30 जून 1974 पासून आहेत. सकाळी 6.55 ची वेळ अनेकांना पाठ असेल. पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला 3 ऑक्टोबर 2024 ला, आपल्या मराठीबरोबरच. मग पालीतही बातम्या द्या, असे म्हणायला आमची जीभ वळवळली. पण त्रिसरण-पंचशील सोडले तर पालीचे चार शब्द आम्हालाच येत नाहीत, म्हणून गप्प बसलो.

ती 3 ऑक्टोबरची तारीख मात्र ध्यानात ठेवावी. 1954 साली याच तारखेला बाबासाहेब आकाशवाणीवरून बोलले होते. त्याच वर्षी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांना पराभव पाहावा लागला होता. भाषण अगदी छोटे. आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत सांगता येईल, पण ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाही, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहे, असे त्यांनी सांगितले. नागपूरच्या दीक्षेच्या दोन वर्षे आधी त्यांनी हे साऱ्या देशाला ऐकवले. नागपूर केंद्र 1948 पासून सुरू होते, पण आपल्या वस्त्यांत रेडिओ कुठे होता? लायसन काढावे लागे, आणि संच घेण्याची ऐपतही नव्हती.

आमच्या आजी सांगत, बाबासाहेब गेल्याची बातमी त्यांनी 1956 साली जिनिंगच्या फाटकाजवळच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकली. आत जायची सोय नव्हती. बाहेर रस्त्यावर उभ्या राहून ऐकली. डोक्यावर सरकीचे पोते होते, ते खाली ठेवायचे भान राहिले नाही, असे म्हणत.

दुपारी गाणी लागली. बायका निंदणाला गेलेल्या, घरात ऐकायला म्हातारी माणसे आणि आम्ही. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आम्ही सरसावून बसलो. कपाशीवरच्या फवारणीची माहिती होती आणि चांगली होती. वाऱ्याच्या उलट फवारू नये, उपाशीपोटी फवारू नये, हातमोजे आणि तोंडावर मास्क असावा, कपडे लगेच बदलावेत. पण सगळे बोलणे 'शेतकरी बंधूंनो' असे. पाठीवर पंप कोणाच्या असतो? ज्याचे वावर असते त्याच्या दर वेळी नसतो. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे मजूर होते. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती, औषध तोंडावरच येत होते. मालकाने रेडिओ ऐकला तरी हातमोजे मजुराच्या हाती पडतीलच असे नाही. आणि मजूर त्या वेळी अजून वाटेवरच असतो.

रात्री आम्हाला राष्ट्रीय चॅनलची आठवण झाली. मे 1988 मध्ये ते सुरू झाले. नागपूरला त्याचे 1000 किलोवॅटचे प्रक्षेपक होते, 1566 किलोहर्ट्‌झवर. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बोलत राहणारे ते केंद्र वावरात जागलीला गेलेल्या माणसाचे आणि चौकीदाराचे सोबती होते. रानडुकरे हाकलता हाकलता आम्ही त्यावर तासातासाच्या बातम्या ऐकल्या आहेत. डिसेंबर 2018 मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला. जागल अजून सुरूच आहे.

आमच्या धाकटीने झोपण्यापूर्वी केंद्राला पोस्टकार्ड लिहिले. फवारणीच्या दिवसांत सल्ला पंप उचलणाऱ्याचे नाव घेऊन सांगा, साध्या वऱ्हाडीत सांगा, आणि माणसे हातपाय धुऊन घरात बसल्यावर सांगा. खाली तिने ब्रीदवाक्यच लिहून टाकले. ज्यांच्या घरचे कोणी यंदा फवारणीला जात असेल, त्यांनीही आपल्या अक्षरात दोन ओळी लिहाव्यात. आमचे कार्ड सकाळी पेटीत पडते आहे.