पाटीच्या आधी

जून महिना उजाडला की जळगाव, धुळे, चाळीसगाव, अंमळनेर अशा गावांच्या रस्त्यांवर सकाळी एक दृश्य हमखास दिसते. रिक्षात दाटीवाटीने बसलेली तीन-साडेतीन वर्षांची मुले, गळ्यात टाय, पाठीवर दप्तर आणि डोळ्यांत अपुरी झोप. मूल 'शाळेला लागले' याचे समाधान आईबापांच्या मुद्रेवर असते. वर्ष सरता सरता ते पाहुण्यांपुढे उभे राहून शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवते आणि सारे घर धन्य होते. त्याच मुलाला कोणी सहज म्हणून पाहावे, ''बाळ, मला पाच चिंचोके मोजून दे.'' बहुधा ते मूठ भरून चिंचोके पुढे करते. शंभर त्याला पाठ असते, पाच त्याला भेटलेलेच नसतात.

बालशिक्षणाचा आपल्याकडील सारा गोंधळ या एका मुठीत सामावलेला आहे. अक्षर आणि अंक यांच्या आधी काही शिकायचे असते, हेच आपण विसरलो आहोत. ओतणे, वेचणे, निवडणे, मातीचा गोळा मळणे, गोष्ट ऐकणे, आपल्याला काय वाटले ते सांगणे हे त्या वयाचे शिक्षण होय. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडे अजून पुरती कठीण झालेली नसतात, बोटांचे बारीक स्नायू तयार होत असतात. त्या हातात पेन्सिल देऊन रेघांच्या वहीतील पाने भरून घेणे म्हणजे मोहोर हलवून आंबे पाडण्याचा प्रयत्न करणे आहे.

हा विचार परका नाही. मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले, ते कामकरी वस्तीतील मुलांसाठी. आज त्यांचे नाव अधिक फी आकारण्याची पाटी होऊन बसावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर उभारले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु ताराबाईंचे खरे मोठेपण पुढेच आहे. शहरी, सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहता कामा नये, या जाणिवेने त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. अनुताई वाघ त्यांना तेथेच लाभल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात, हे काम रुजले. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार तेथे प्रत्यक्षात उतरला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघर पोहोचला. या शब्दामागे कोसबाडची पुण्याई आहे, हे आज किती जणांना ठाऊक असते?

आता थोडे स्वतःविषयी. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात, पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने स्वतः केलेला मातीचा बैल मला आणून दाखवला आणि उत्साहाने सांगू लागली, ''सर, मनी माय वावरमा जास...'' मी तिला तेथेच थांबवले. ''असे नाही म्हणायचे. माझी आई शेतात जाते, असे म्हण.'' तिने ते वाक्य म्हटले. बैलाची हकीकत मात्र राहून गेली. त्यानंतर कित्येक महिने ती वर्गात आपण होऊन एक शब्दही बोलली नाही. 'मंद' असा शेरा मी मनातल्या मनात मारूनही टाकला होता. एके दिवशी मधल्या सुटीत कडुनिंबाखाली खेळ रंगला होता. हीच मुलगी गडी वाटून देत होती, डाव मोजत होती, भांडणे मिटवत होती, आणि सारे अहिराणीत. मला त्या दिवशी उमगले की, जे येत नव्हते ते तिला नव्हे, मला येत नव्हते.

खानदेशातील बालशिक्षणाचा विचार भाषेला वगळून होणार नाही. येथे मूल घरी अहिराणी बोलते, रावेर-यावलकडे लेवा बोली बोलते, सातपुड्याच्या पायथ्याशी भिली किंवा पावरी बोलते. बालवाडीचा उंबरठा ओलांडताच ही भाषा 'अशुद्ध' ठरते. ज्या असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळखही नव्हती, त्यांचे नाव २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला लाभले आहे. विद्यापीठाच्या कमानीवर ज्या बोलीचा गौरव, बालवाडीच्या दारात तिचीच हेटाळणी, ही विसंगती आपल्याला खुपत कशी नाही? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात घेतली, खेळातून शिकण्यावर भर दिला आणि शक्य तेथे घरच्या भाषेचा आग्रह धरला. कागद आता मुलाच्या बाजूने आहे. प्रश्न आहे तो वर्गाचा.

यावर पालकांचे म्हणणे मी रोज ऐकतो, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. केळीच्या बागेत घड वाहणारा बाप म्हणतो, ''गुर्जी, खेळायला तर पोऱ्या घरी पण खेळतो. फी कशाची भरू?'' त्याच्या तोंडून गरिबीची भीती बोलत असते. इंग्रजी चार शब्द लवकर आले तर पोराचे हात घमेल्यापासून सुटतील, अशी त्याची आशा असते. त्या आशेचा उपहास करण्याचा अधिकार, आपली मुले मार्गी लावून बसलेल्या आपणा पगारदारांना नाही. त्याला समजावून द्यायचे ते इतकेच की, पाया भरताना भिंत दिसत नाही. म्हणून कोणी शहाणा पाया वगळत नाही. ज्याने सरकी आणि तूर निवडून वेगळी केली, लहानमोठी ढिगुळी लावली, त्याला गणित पुढे जड जात नाही. ज्याने आपल्या बोलीत पोटभर गोष्टी ऐकल्या आणि सांगितल्या, तो मराठीही शिकतो आणि इंग्रजीही.

दुसरी अडचण अंगणवाडीची. आहार, लसीकरण, नोंदी, सर्वेक्षणे हे सारे सांभाळून त्या ताईने मुलांना शिकवायचे, आणि त्याबद्दल तिला वेतन नव्हे, 'मानधन' मिळायचे. साधी गोष्ट सांगायलाही निवांत वेळ लागतो. तिच्यावरील कागदांचे ओझे हलके केल्याखेरीज आणि तिला नीट प्रशिक्षण दिल्याखेरीज बालकेंद्री शिक्षणाच्या गप्पा व्यर्थ आहेत.

तरीही सरकारची वाट न पाहता करण्याजोगे पुष्कळ आहे. शिक्षकांनी पहिले काही महिने तरी मुलाचे वाक्य न तोडता ऐकावे. प्रमाण मराठी कानावरून आपोआप येते. गावातील आजीला आठवड्यातून एकदा बालवाडीत बोलवावे. आखाजीची गाणी, कानबाईच्या कथा तिच्याजवळ आहेत. आणि कार्यालयातून संध्याकाळी घरी परतणाऱ्या बापाने वा कॉलेजात शिकणाऱ्या थोरल्या भावाने वही तपासण्याआधी एवढेच विचारावे, ''आज काय केलेस?''

ती मुलगी आज कोठे असेल, मला ठाऊक नाही. कदाचित तिचे मूलही आता बालवाडीत जात असेल. त्याने मातीचा बैल हातात धरून आपल्या भाषेत बोलायला सुरुवात केली, तर समोरच्या गुरुजींनी त्याला मध्येच थांबवू नये, एवढीच माझी मागणी आहे. माझ्याकडून राहून गेलेली ती हकीकत कोणीतरी शेवटपर्यंत ऐकायला हवी.