हप्ता जमा झाला, खातं कुणाचं?

लाडकी बहीण योजनेचा हप्ता पडला की सोलापुरात त्याची खबर बँकेच्या आधी ग्राहक सेवा केंद्रावर पोचते. नई जिंदगी असो, शास्त्रीनगर असो की कुंभारीचं विडी घरकुल, अंगठा लावून पैसे काढून देणाऱ्या दुकानापुढं सकाळपासून बायका उभ्या. खात्यात एकूण शिल्लक किती, हे बहुतेकींना माहीत नसतं. पंधराशे आले का, आले असतील तर द्या. दुकानदार त्यातले दहा-वीस स्वतःकडं ठेवतो, उरलेले मोजून देतो आणि पुढची बाई पुढं सरकते. नंतर महिनाभर त्या खात्याकडं कुणी फिरकत नाही.

सरकारी भाषेत याला वित्तीय समावेशन म्हणतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळं शब्दांकडं जरा संशयानं बघायची सवय आहे. समावेशन म्हणजे आत घेणं. बाई बँकेच्या आत गेली, की तिचे पैसे तेवढे आत जाऊन बाहेर आले? माझा प्रश्न एवढाच आहे.

पैसे थेट खात्यात देण्याच्या मी विरोधात नाही, हे आधीच सांगते. रोख वाटपाच्या काळात मधल्या हातांना काय काय चिकटायचं, हे आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या विधवेला विचारा. कुणाच्या तरी ओळखीनं नाव यादीत घालायचं, कुणाला तरी चहापाणी द्यायचं आणि पूर्ण रक्कम मिळाली असा अंगठा देऊन अर्धीच घरी आणायची. १ जानेवारी २०१३ पासून केंद्रानं थेट लाभ हस्तांतरण सुरू केलं, २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली, आणि दहा वर्षांत पन्नास कोटींहून जास्त खाती उघडली गेली. त्यातली निम्म्याहून अधिक बायकांची आहेत. मुसलमान वस्त्यांसाठी ही साधी गोष्ट नव्हे. काही बँकांनी मुस्लिमबहुल भागांना कर्जासाठी ‘रेड झोन’ ठरवल्याचं सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं. ज्या गल्लीत बँकेचा माणूस यायला तयार नव्हता, तिथं आज घरटी एक पासबुक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते एकदम, म्हणजे तीन हजार रुपये, खात्यावर आले तेव्हा कितीतरी बायकांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पैसे आले होते. मेहर कागदावर होता. हे खरोखर आले.

पण त्या खात्याचा कारभार कुणाच्या हातात आहे, हे पाहिलं की आनंद थोडा उतरतो.

अंगठ्यापासूनच बघू. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत, पद्मशाली आहेत तशा आपल्याही आहेत. पान भिजवायचं, कातरायचं, तंबाखू भरून गुंडाळायचं, टोकं दुमडायची. दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे बोटाची तीच जागा किती वेळा घासली जात असेल? वीस-पंचवीस वर्षांत अंगठ्याच्या रेषा पुसट होतात. मग यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही. बाई पदराला हात पुसते, पुन्हा लावते, दुसरं बोट लावते. म्हणजे कष्ट जितके जुने, तितकी ओळख पटायला अवघड! डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाईलवरच्या ओटीपीवरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे. गल्लीतल्या दुकानदाराकडं मात्र बहुधा ठशाचंच यंत्र असतं, आणि ओटीपी जातो भलत्याच फोनवर.

भलत्याच म्हणजे नवऱ्याच्या, नाहीतर मुलाच्या. घरात स्मार्टफोन एकच, आणि आधार काढताना जो नंबर दिला तो घरातल्या पुरुषाचा. खात्यात पैसे आल्याचा मेसेज त्याला येतो, काढल्याचाही त्यालाच येतो. कागदावर खातं बाईचं असतं, खबर मात्र त्याच्या खिशात वाजते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं लाडकी बहीणसाठी ई-केवायसी सक्तीची केली, तेव्हा हा गुंता उघडाच पडला. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचा आधारही लागू लागला, त्याच्या नंबरवर आलेला ओटीपी टाकायचा. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई माझ्याकडं आली. नवरा चार वर्षांपूर्वी सोडून गेला, इंडीकडं दुसरा संसार आहे म्हणतात. तलाकचा कागद नाही. ती म्हणाली, “टीचर, उनकू फोन करके नंबर मांगूं क्या? बच्ची की फीस मांगी तो फोन काट दिए थे.” विधवा आणि घटस्फोटित बहिणींना कागदपत्रं देऊन हे पूर्ण करायची मुभा नंतर मिळाली, चांगलं झालं. पण जिच्याकडं मृत्यूचा दाखला नाही आणि तलाकचाही नाही, तिनं काय द्यायचं? योजनेच्या पात्रतेत ‘परित्यक्ता’ हा शब्द सुरुवातीपासून आहे. टाकून दिल्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो, ते मात्र कुणी सांगत नाही. इथं एक गोष्ट आपल्या लोकांनाही सांगायला हवी. निकाह लागतो तेव्हा साक्षीदार आणि पक्कं रजिस्टर असतं, आणि मोडतो तेव्हा तोंडी दोन शब्द. ही ढिलाई सरकारनं लादलेली नाही.

नावांचा घोळ तर माझ्या धंद्याचाच विषय. उर्दूतलं एक नाव मराठीत तीन तऱ्हांनी आणि इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहिता येतं. शाळेच्या दाखल्यावर रेहाना, आधारवर रिहाना, रेशन कार्डावर रेहानाबी, बँकेत रेहाना बेगम. शेख कधी आधी, कधी शेवटी. लग्नाआधी मधे बापाचं नाव, नंतर नवऱ्याचं. माणसाला कळतं की ही बाई एकच आहे, पण संगणकाच्या लेखी त्या चौघीजणी. जनरल रजिस्टरमध्ये पहिलीच्या मुलीचं नाव लिहिताना दोन मिनिटं जास्त घालवली, जन्मदाखला आणि आधार समोर ठेवून एकच स्पेलिंग ठरवलं, तर तिच्या पुढच्या चाळीस वर्षांतले हेलपाटे वाचतात. उर्दू शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना हे मी कळकळीनं सांगत असते.

आणि मग येतो तो प्रश्न, ज्यासाठी बायका सगळ्यात जास्त रडतात. यादीत नाव आहे, ‘जमा’ असं दिसतंय, पण खात्यात पैसे नाहीत. यातल्या अनेक प्रकरणांत पैसे गायब झालेले नसतात, दुसऱ्या खात्यात पडलेले असतात. सरकार पैसे पाठवताना खाते क्रमांक नव्हे, आधार क्रमांक वापरतं. त्या आधारशी डीबीटीसाठी शेवटी ज्या बँकेचं खातं जोडलं गेलं, तिथं पैसे जातात. बाईनं फॉर्मवर कुठलं पासबुक जोडलं, याला तिथं अर्थ नसतो. सिमकार्ड घेताना, बचत गटाचं कर्ज घेताना, कुणाच्या सांगण्यावरून उघडलेलं एखादं विसरलेलं खातं मधेच हजर होतं. ही काही आमच्या अडाणी बायकांचीच गत नाही. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या बाबतीत हेच झालं. लाखो ग्राहकांची खाती त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय उघडली गेली आणि गॅसची सबसिडी तिकडं वळली. त्यात शिकलेसवरलेले लोकही होते. २०१८ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेनं त्या बँकेला पाच कोटींचा दंड केला. कुठलं खातं जोडलेलं आहे, हे ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, फक्त आधारला जोडलेला मोबाईल हातात हवा. म्हणजे फिरून गाडी त्याच फोनवर!

शाळेत हा प्रयोग आम्ही आधीच पाहिलेला आहे. २०१७-१८ मध्ये गणवेशाचे पैसे मूल आणि आई यांच्या संयुक्त खात्यात टाकायचं ठरलं. दोन गणवेशांचे चारशे रुपये. ते घ्यायला खातं हवं, आणि शून्य शिलकीवर खातं उघडायला बँका अनेक ठिकाणी नाखूश. चारशे रुपयांसाठी पाचशे भरा म्हणणारी व्यवस्था पाहून पालक हसायचे. पुढं ते पैसे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आले. हेतू चांगला होता, पण खातं उघडणं म्हणजे फॉर्म भरणं एवढाच हिशेब त्यामागं होता.

हिशेब यापेक्षा मोठा का असायला हवा, याचा पुरावा आहे. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात रोजगार हमीवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या बायकांचा अभ्यास केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. काहींना फक्त खातं उघडून दिलं. काहींची मजुरी थेट त्यांच्याच खात्यात वळवली आणि ते खातं वापरायचं कसं, हे थोडं शिकवलं. नुसतं खातं मिळालेल्यांच्या तुलनेत या दुसऱ्या बायका जास्त काम करू लागल्या, आणि ज्या घरात बाईनं बाहेर कामाला जाणं नवऱ्याला पसंत नव्हतं, तिथं फरक जास्त दिसला.

आपल्याकडं हे शिकवणं कोण करतं? फॉर्म भरून घ्यायची शिबिरं निवडणुकीआधी गल्लोगल्ली लागली, बॅनरवर नगरसेवकांचे फोटो होते. पासबुक वाचायला शिकवणारं शिबिर मी पाहिलं नाही. पालकसभेत मी बायकांना विचारलं, सगळे पैसे लगेच का काढता? उत्तर आलं, ठेवले तर सरकार परत घेतं म्हणे. ही अफवा इतकी खोल गेली आहे की बीएडला शिकलेलं सगळं मानसशास्त्र तिच्यापुढं थिटं पडतं. एकीनं तर अगदी हळू आवाजात विचारलं, “वहीं रहने दिए तो चलता क्या?” चालतं. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला किमान शिलकेची अट नाही, महिन्यात चार वेळा पैसे फुकट काढता येतात, रूपे कार्डाला वेगळे पैसे लागत नाहीत. बँकेच्या वतीनं काम करणाऱ्या प्रतिनिधीनं ग्राहकाकडून परस्पर पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याचं कमिशन बँक देते. म्हणजे ते दहा-वीस रुपये द्यायचेच नसतात. जनधन खात्यावर दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, हे तर सभेत एकीलाही ठाऊक नव्हतं. अडीनडीला त्या जातात गटाच्या फायनान्सवाल्याकडं, आणि हप्त्याच्या दिवशी दार वाजलं की मुलं सांगतात, अम्मी घर में नहीं.

असं नाही की आमच्या बायकांना बचत कळत नाही. प्रत्येक गल्लीत भिशी चालते. वीस जणी, महिन्याला पाचशे, चिठ्ठी निघेल तिचे दहा हजार. वहीत एका रुपयाची चूक नसते. यातूनच लग्नं होतात, छपरावर पत्रे पडतात. भिशी चालवणारी बाई बँकेत गेली की मात्र स्लिप भरून द्या म्हणून शिपायाला विनवते. तिला आकडे येतात, पण काउंटरपलीकडच्या माणसाचा स्वर तिला गप्प करतो.

व्याजाचाही एक मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सूद नको म्हणून बँकेपासून लांब राहणारी घरं आजही आहेत. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असं सुचवलं होतं, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो विषय बंद केला. ती दारं उघडतील तेव्हा उघडतील. तोवर चालू खात्यावर व्याज नसतं, आणि बचत खात्यावर पडलेलं व्याज वेगळं काढून, सवाबची नियत न ठेवता गरजूला देणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. पण हेच कारण पुढं करून बायकोचं खातं बंद ठेवायचं आणि स्वतःच्या गाडीचं कर्ज बँकेतून घ्यायचं, असे महाशयही मला माहीत आहेत. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिलेलं वाचता न येणं आपल्याला परवडणारं नाही.

सरकारकडं माझं मागणं फार नाही. पैसे अडले तर का अडले, हे साध्या मराठीत एका ओळीत बाईला कळवा. पैसे कुठल्या खात्यात हवेत, ते तिला स्वतःला, तिच्या सहीनं बदलता येऊ द्या. ज्या केंद्रावर हप्ता काढला जातो तिथं छापील पावती सक्तीची करा आणि ‘ग्राहकाकडून शुल्क घेऊ नये’ ही पाटी मराठीत, उर्दूत आणि आमच्या सोलापुरात तेलुगूतही लावा. विडी कामगारांच्या वस्तीत बुबुळाचं यंत्र ठेवा. परित्यक्तेसाठी अंगणवाडी सेविकेचा पंचनामा पुरेसा माना.

आणि मोहल्ल्याकडून दोन गोष्टी हव्यात. जुम्याला मशिदीत चंद्याचं एलान होतं, त्यात महिन्यातून एकदा घरातल्या बाईचा स्वतःचा मोबाईल नंबर आधारला जोडायचं एलान व्हावं. नंबर बदलायला पंच्याहत्तर रुपये लागतात. आणि उर्दू शाळांच्या पालकसभेत अर्धा तास स्लिप भरायला ठेवावा. आमच्याकडं तो या सत्रापासून ठेवला आहे. कोऱ्या स्लिपा बँकेतून मागून आणल्या, पहिल्या वेळी चाळीस संपल्या. पुढच्या शनिवारी पासबुक घेऊन यायला सांगितलंय.