रुंदीत तडजोड नको

पावसाळा सरला की घराघरांत रंगाची आणि सुतारकामाची कामं निघतात. त्याच सुमारास आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो: घरी वॉरगेम खेळायला टेबल केवढं करून घ्यावं? विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं. सहा फूट बाय चार फूट. ‘बोल्ट अ‍ॅक्शन’, ‘फ्लेम्स ऑफ वॉर’, जुनं ‘वॉरहॅमर 40,000’ अशा सगळ्यांच्या पुस्तकांत हा आकडा इतकी वर्षं छापून येतोय की तो खेळाडूला धर्माज्ञेसारखा वाटू लागतो. मग दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये मिस्त्री येतो, माप घेतो, मान हलवतो आणि बेत बारगळतो. किंवा त्याहून वाईट, बेत तडीला जातो आणि घरातली माणसं पुढची दहा वर्षं त्या टेबलाला वळसा घालून कपाटापर्यंत पोचतात.

टेबल हे फर्निचर आहे असं समजून निवडलं की अशी गत होते. आमच्या मते टेबल हा नियमपुस्तकातला पहिला नियम आहे, आणि त्यात कुठे काटछाट चालते व कुठे नाही, हे फुटपट्टी हातात घेण्याआधी ठरवायला हवं.

‘बोल्ट अ‍ॅक्शन’चंच उदाहरण घ्या. रायफलचा पल्ला 24 इंच. पायदळ गोळीबार करत पुढे सरकलं तर 6 इंच, नुसतं धावलं तर 12. चार फूट रुंदीच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी आपापल्या कडेपासून बारा-बारा इंचांत सैन्य मांडलं, तर मधे बरोबर 24 इंच उरतात. म्हणजे रायफल जेमतेम पोचते आणि धावणारी तुकडी अर्ध्या वाटेवर उघड्यावर सापडते. धूर कुठे सोडायचा, कुंपणाआड किती वेळ थांबायचं, मशीनगन कोणत्या खिडकीत बसवायची, हे सगळे निर्णय त्या 24 इंचांत जन्माला येतात. आता जागा नाही म्हणून रुंदी तीन फूट करा. मधे 12 इंच उरले. पहिल्याच धावेत संगिनी भिडतात. तोफखाना, टेहळणी, आड यांना काही काम उरत नाही, आणि खेळ कंटाळवाणा का झाला याचं खापर नियमांवर फुटतं.

लांबीचं तसं नाही. सहा फुटांची लांबी चार फुटांवर आणली तर बगला आखडतात, वेढा घालायला जागा कमी पडते. पण त्या प्रमाणात सैन्याचे पॉइंट कमी केले की खेळ पुन्हा ताळ्यावर येतो. छोटी चकमक म्हणून तो चांगलाच रंगतो. म्हणून जागा वाचवायची तर लांबीत वाचवा. रुंदीला हात लावायचा असेल तर दुसरा खेळ निवडा.

आणि दुसरे खेळ भरपूर आहेत. ‘सागा’ 48 बाय 36 इंचांवर होतो. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ तीन फूट चौरसात मजेत चालतो. नील थॉमस यांच्या 2014 च्या ‘वन-अवर वॉरगेम्स’मधले सगळे प्रसंग तीन फूट चौरसासाठी आणि प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त सहा तुकड्या धरून लिहिलेत, ते पुस्तक जवळ असताना ‘जागा नाही’ ही सबब टिकत नाही. फिल बार्कर यांच्या ‘डीबीए’च्या मूळ नियमांत 15 मिमीच्या सैन्याला दोन फूट चौरस पुरतो. आपल्या घरातल्या कॅरम बोर्डाचा खेळायचा भाग 29 इंचांचा असतो, म्हणजे ‘डीबीए’चं सगळं रण त्यात मावतं, वर लाकडी चौकटीमुळे फासेही खाली पडत नाहीत. पावडर तेवढी आधी नीट पुसून घ्या. ती रंगवलेल्या बेसवर चिकटली की निघत नाही.

सहा बाय चारचाच खेळ हवा आणि जागा मात्र अभ्यासाच्या टेबलाएवढीच, असा हट्ट असेल तर त्यालाही जुना उपाय आहे. इंचाच्या जागी सेंटिमीटर वाचायचं. 72 बाय 48 इंचांचं मैदान 72 बाय 48 सेंटिमीटरचं होतं. पल्ले, चाली, मांडणी सगळं एकाच प्रमाणात आक्रसतं, त्यामुळे रुंदीचा वर सांगितलेला दोष इथे येत नाही. मिनिएचर मात्र लहान लागतात. 28 ला 2.54 ने भागलं की 11 येतात, म्हणून 10 किंवा 12 मिमीचं सैन्य इथे डोळ्याला अगदी बरोबर दिसतं. ज्यांच्या कपाटात 28 मिमीचे तीनशे शिपाई रंगवून तयार आहेत त्यांना हा सल्ला आवडणार नाही, याची कल्पना आहे.

गेम्स वर्कशॉपने 2020 मध्ये ‘40,000’ची नववी आवृत्ती काढताना दोन हजार पॉइंटच्या खेळासाठी किमान माप 60 बाय 44 इंच केलं. जुन्या खेळाडूंनी बरीच आरडाओरड केली. हे माप 22 बाय 30 इंचांच्या चार तुकड्यांत तंतोतंत बसतं, त्यामुळे त्यामागे खेळापेक्षा खोक्याचा विचार असावा अशी कुजबुज झाली. असेलही. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने ही बातमी चांगली होती. नीट पाहिलं तर कापलेला फूट लांबीतला आहे, रुंदीतले गेले फक्त चार इंच.

आता हाताची पोच. कमरेत थोडं वाकून सरळ हात केला तर मोठ्या माणसाचा हात साधारण अडीच फूट जातो. चार फुटी रुंदीत मधला भाग दोन्ही बाजूंनी दोन फुटांवर येतो, म्हणजे आरामात. पाच फूट ही शेवटची हद्द. त्यापुढे मधल्या टेकडीवरचा रणगाडा हलवायला पोटावर झोपावं लागतं आणि शर्टाच्या बटणाला अडकून अर्धी पलटण आडवी होते. टेबल भिंतीला लावून ठेवायचं असेल तर सगळी रुंदी एकाच बाजूने गाठायची आहे, तेव्हा अडीच फुटांच्या वर जाऊ नका. खेळाडू उभा राहतो, वाकतो, मागे सरकतो, त्याला प्रत्येक लांब बाजूला अडीच फूट मोकळे लागतात. चार फुटी टेबलाला म्हणूनच नऊ फूट रुंद खोली हवी. आखूड बाजूंपैकी एक भिंतीला चिकटली तरी काही बिघडत नाही.

उंचीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण पाठ देते. जेवणाचं टेबल 30 इंच उंच असतं, ते बसून जेवण्यासाठी. आपण तीन तास उभे असतो आणि दर दोन मिनिटांनी शिपायाच्या नजरेतून काय दिसतं ते पाहायला वाकतो. उभ्याने खेळायचं तर 36 इंच, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा किंचित उंच, हे माप चांगलं. पायांखाली लाकडी ठोकळे बसवून असलेलं टेबल तेवढं उचलता येतं. ठोकळ्यांना खाच हवीच, नाहीतर पाय घसरतो. बसून किंवा व्हीलचेअरवरून खेळणारे असतील तर 30 इंचच ठेवा आणि गुडघ्यांसाठी खाली मोकळी जागा सोडा.

परदेशी कंपन्यांची खास गेमिंग टेबलं, मधे खोलगट हौदा आणि वर झाकण असलेली, यांची चित्रं पाहून आपल्याकडेही तशी करून घेण्याची हौस वाढली आहे. बोर्डगेमसाठी ती छान. मिनिएचरसाठी आमचं मत साफ विरुद्ध आहे. हौद्याची कड नजरेच्या रेषेत येते, मोजपट्टी कडेला अडते आणि हौद्याचं आतलं माप पुष्कळदा 44 इंचांपेक्षा कमी भरतं. फासे खाली पडू नयेत एवढ्यासाठी कड हवी असेल, तर फाशांना वेगळा ट्रे घ्या.

स्वतंत्र टेबल हवंच असं आम्हाला वाटत नाही. बहुतेक वाचकांना जेवणाच्या टेबलावर ठेवायची दुभागी फळी पुरेल. सहा माणसांचं टेबल साधारण 60 बाय 36 इंच असतं. त्यावर 60 बाय 44 ची फळी ठेवली तर दोन्ही बाजूंना चारच इंच बाहेर येते. खाली ड्रॉवरमध्ये घालतात तो न सरकणारा जाळीदार रबरी मॅट अंथरला की कोपर टेकलं तरी ती हलत नाही. फळीचे 44 बाय 30 चे दोन तुकडे केले तर ते इमारतीच्या लिफ्टमध्ये मावतात, दिवाणाखाली सरकतात. सहा बाय चारची सलग फळी जिन्यावरून आठव्या मजल्यावर चढवायची वेळ आली की हा मुद्दा आपोआप पटतो. तुकडे जोडायला बिजागरी लावू नका, सांध्यावर उंचवटा येतो. कडेला लाकडी खुंट्या आणि खालून दोन कड्या पुरतात.

प्लाय 12 मिमीचा घ्या. 18 मिमीचा प्लाय टेबलाच्या पायांवर शोभतो, उचलायच्या फळीला तो उगाच जड. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची मिळते. तिच्यातून 60 बाय 44 काढल्यावर लांबीच्या टोकाला करवतीची धार वजा जाता 48 बाय 36 इंचांचा तुकडा उरतो. म्हणजे ‘सागा’चं मैदान फुकटात. मिस्त्रीला हे आधी सांगितलं नाही, तर तो त्यातून चपलांच्या कपाटाचे कप्पे काढून मोकळा होईल.

एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण कोकणात, मुंबईत, गोव्यात तो घेऊ नका. एका पावसाळ्यात त्याच्या कडा पावासारख्या फुगतात. प्लायलाही दमटपणाचा त्रास होतोच. पुष्कळजण वरच्या बाजूला सनमायका लावतात आणि खालची बाजू कोरी ठेवतात. कोरी बाजू ओल शोषते, दुसरी शोषत नाही आणि फळी वाकते. जे वर लावाल तेच खाली लावा, आणि चारी कडांना प्रायमर द्या. ठेवताना फळी आडवी किंवा अगदी सरळ उभी ठेवा, भिंतीला तिरकी टेकवून कधीच नको.

जेवणाचं टेबलच नसेल तर केटरिंगवाले वापरतात ती घडीची प्लास्टिकची टेबलं बघा. प्रत्येक सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. दोन शेजारी लावली की सहा बाय पाच होतात. मधे सहा बाय चारचा मॅट पसरल्यावर दोन्ही बाजूंना कार्ड, फासे आणि मेलेल्यांसाठी सहा-सहा इंच उरतात. इतक्या पैशांत यापेक्षा सोयीचं काही मिळत नाही. मॅट निओप्रीनचा सर्वांत चांगला, फासेही त्यावर आवाज न करता थांबतात. कोपऱ्यावरच्या बॅनरवाल्याकडून फ्लेक्सवर छापून घेतलेला मॅटही चालतो, फक्त चकचकीत नको. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की नदी कुठे आणि रस्ता कुठे ते कळत नाही. पंख्याचं सांगायला नकोच. कागदी निशाणं आणि टोकन असतील तर टेबल पंख्याखालून बाजूला घ्या.

जमिनीलाही कमी लेखू नका. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहिलं ते जमिनीवर मांडायच्या खेळाबद्दल. दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातल्या तरुण स्त्रिया पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच शोधत होत्या, तेही जमिनीवर आखलेल्या समुद्रावर. त्याआधी प्रशियात थोरल्या राइस्विट्झने 1812 साली राजाला भेट दिलेलं युद्धखेळाचं टेबल देखणं होतं, खणांचं, भूभागाच्या सुट्या तुकड्यांचं. ते राजवाड्यात राहिलं. त्याच्या मुलाने 1824 मध्ये तोच खेळ कागदी नकाशावर आणला, तेव्हा तो सैन्यात पसरला.

तेव्हा मिस्त्रीला बोलावण्याआधी एवढं करा. जो खेळ तुम्ही खरोखर महिन्यातून दोनदा खेळता त्याचं माप घ्या, वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा चौकोन जमिनीवर किंवा आहे त्या टेबलावर पसरा आणि त्यावर एक पूर्ण डाव खेळा. कुठे हात पोचला नाही, कुठे कपाटाचं दार उघडेना, किती वेळा वाकावं लागलं, ते लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा. फोटोपेक्षा मापं पाठवलीत तर जास्त उपयोग होईल. खोलीची लांबी-रुंदी आणि दार कोणत्या बाजूला उघडतं, हे विसरू नका.