पाचवे शील आणि सरकारी बंदी

चंद्रपूर जिल्ह्यात शासनाने २०१५ साली दारूबंदी केली आणि २०२१ साली उठवली. वर्धा व गडचिरोलीत ती आजही आहे. तेव्हा बंदी असावी की नसावी, असे वस्तीतील मंडळी आम्हांला विचारतात.

शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात परमपूज्य बाबासाहेबांनी दारूबंदीला विरोध केला होता. बंदीने महसूल बुडतो आणि घरातच भट्टी लागल्याने दारू बायका-मुलांपर्यंत पोहोचते, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात लाखो बांधवांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती नाही. कायदा पोलिसाच्या धाकाने चालतो, प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो.

'पिणे ही ज्याची त्याची मर्जी' म्हणणाऱ्यांना मात्र आमचा सवाल आहे. पगार गुत्त्यावर गेला, तर घरच्या बाईच्या मर्जीचे काय? म्हणून शासनाने पिणाऱ्याला कोठडीत टाकण्याऐवजी त्याच्या उपचारावर खर्च करावा आणि वस्तीचे म्हणणे ऐकावे. गावातील वा वॉर्डातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर आपल्या राज्यात दारूचे दुकान बंद करता येते. भगिनींनो, हा हक्क वापरा.

विहारात पाचवे शील म्हणून गुत्त्याकडे वळणारी पावले कोणतेही सरकार अडवणार नाही. ती आपणच अडवायची आहेत.

जयभीम!