पेला आणि पुरुषार्थ

आषाढ अमावास्येस घरातील दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. त्याच तिथीस 'गटारी' हे दुसरे नाव पडले असून, श्रावण लागण्यापूर्वी मनसोक्त पिऊन घेण्याचा दिवस अशीच तिची ओळख आता अधिक रूढ झाली आहे. एकाच घरातून, एकाच संध्याकाळी, बायका दिव्यांपुढे बसतात आणि पुरुष बाहेर पडतात. या वाटणीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मद्यपानाचा विषय निघाला की दारिद्र्य, हातभट्टी आणि सरकारचा महसूल यांची चर्चा होते; पुरुषपणाची होत नाही. वास्तविक आकडे तेच सांगत आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के मद्य घेतात. स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का. कष्ट आणि दुःख हीच जर पिण्याची कारणे, तर ती स्त्रियांच्या वाट्यास कमी आली आहेत काय? विसरावे असे त्यांच्यापाशीही पुष्कळ असते. काही आदिवासी समाजांतील रीत निराळी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्या मध्यमवर्गात स्त्रीच्या हातातील पेला तिची अब्रू घालवितो, आणि पुरुषाच्या हातातील पेला, निदान मित्रमंडळीत, त्याची पत वाढवितो.

गडकऱ्यांनी हे मर्म १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला' नाटकात अचूक हेरले होते. सुधाकर दारिद्र्यामुळे पिऊ लागत नाही. तो बुद्धिमान आणि मानी वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो, सनद काही काळ हिरावली जाते, आणि दुखावलेल्या त्या मानावर उतारा म्हणून तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. पुढील शंभर वर्षांत आम्ही तळीरामाला केवळ विनोदी पात्र करून टाकले, ही आमची चूक झाली. नको म्हणणाऱ्या नवख्यास "बायकोला भितोस काय?" असे विचारणारा तळीराम आजही कचेरीच्या मेजवानीत आणि लग्नाच्या वरातीत हजर असतो. त्याच्या प्रश्नातील मेख अशी की, पेला नाकारणारा बायकोच्या ताब्यातला ठरतो. मग तो बिचारा पेयासाठी नव्हे, आपले मर्दपण शाबीत करण्यासाठी हात पुढे करतो.

कायद्यास ही मेख दिसत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालील परवाना प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. प्रकृतीच्या काळजीने पिणारा गृहस्थ आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे! मद्याच्या व्यापाऱ्यास मात्र ती पक्की ठाऊक आहे. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीस मनाई असल्यामुळे तीच नावे सोड्याच्या अथवा संगीताच्या तबकड्यांच्या मिषाने झळकत आली. आणि त्या चित्रांत ठसविला जातो तो पेयाचा गुण नव्हे, तर मित्रांच्या गराड्यातील यशस्वी, बेफिकीर पुरुष.

गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'स कौल दिल्यास दुकान बंद करविण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, आणि स्त्रियांनी हे हत्यार अनेक ठिकाणी मोठ्या धैर्याने वापरलेही. परंतु बाटली आडवी करण्याचे काम स्त्रियांकडे सोपवून पुरुषांनी बघे राहावे, हा कोठला न्याय? चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली दारूबंदी २०२१ साली उठली. दुकानांस कुलपे लागली वा निघाली, तरी बैठकीतील तो प्रश्न तसाच राहतो. त्याची किंमतही मुख्यतः पुरुषच मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात मद्यामुळे २६ लाख मृत्यू घडले, त्यांपैकी सुमारे २० लाख पुरुषांचे होते.

आमचे मागणे सरकारपाशी नाही. सुशिक्षित यजमानापाशी आहे. येत्या गटारीस त्याच्या घरी कोणी नको म्हटले, तर त्याने कारण विचारू नये, दुसऱ्यांदा आग्रह करू नये, आणि सरबताचा पेला इतरांसारख्याच काचेत द्यावा. आणि त्या संध्याकाळी घरचे दिवे घासावयाचे राहिले असतील, तर तेवढ्यापुरते त्याने स्वतःही खाली बसावयास हरकत नाही.