देवाकडून उसने चारशे

अण्णा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी भावाने पेपरात द्यायचा मजकूर माझ्या हातात दिला. ‘साखर कारखान्याचे सेवानिवृत्त अकाउंटंट, धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाचे, त्यांच्या पश्चात मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ त्यातला ‘मनमिळाऊ’ मी काढायला लावला. अण्णांवर लोकांचा जीव होता, पण पावती मागणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी मनमिळाऊ म्हणत नाही. दुसरी एक गोष्ट खटकली, ती मात्र दुरुस्त करता येण्यासारखी नव्हती. अकाउंटंट एकीकडे, धार्मिक दुसरीकडे, मध्ये स्वल्पविराम. भेटायला येणारेही तसेच बोलत होते. कारखान्यातले म्हणत, हिशेबाला पक्का माणूस. दिंडीतले म्हणत, माळकरी माणूस. हे दोन वेगळे गुण नव्हते, हे सांगायला मी लिहिते आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ते 1969 साली कारकून म्हणून लागले आणि 2004 साली निवृत्त झाले. जन्म 1946 चा. आण्या-पैचे हिशेब ते शाळेत शिकले आणि 1957 साली नवे पैसे आल्यावर पुन्हा नव्याने शिकले. गाळप सुरू झाले की ते घरी फक्त झोपायला येत. काट्यावर वजनाची पावती, पावत्यांवरून पंधरवड्याचे ऊसबिल, बिलातून कपाती: सोसायटीचे कर्ज, बेण्याचे पैसे, ठेव. शेतकऱ्याच्या हातात पडायचा तो या सगळ्या वजाबाकीनंतर उरलेला आकडा.

एकदा एका विधवा बाईच्या बिलातून दुसऱ्याच सभासदाची कपात झाली. कोड नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले होते. रक्कम 212 रुपये. पुढच्या बिलात वळते करून टाका, एवढी कसली घाई, असे त्यांना वरून सांगण्यात आले. अण्णांनी शनिवारी भांडून व्हाउचर मंजूर करून घेतले आणि रविवारी सायकल काढली. मी मागे कॅरिअरवर, आठ-नऊ वर्षांची. वस्तीवर पोचलो तर त्या बाईला काही चुकले आहे हेच ठाऊक नव्हते. अण्णांनी ओट्यावर बसून बिल उलगडले, आकड्यांवर बोट ठेवून चूक कशी झाली ते सांगितले. तिला कळले नाही तेव्हा पुन्हा सांगितले. तिने मान हलवल्यावर मग पैसे दिले. आधी पैसे देऊन मोकळे होता आले असते. उन्हात उभी राहून मी कंटाळले होते आणि हे एवढे कशासाठी, ते मला समजत नव्हते. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर समजले. आपले पैसे कुठे चुकले हे तिला कळणे, हाही तिच्या येणे रकमेचाच भाग होता.

माळ त्यांच्या गळ्यात आजोबांनी घातली होती. संध्याकाळचा हरिपाठ आणि दोन्ही एकादशा त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. पण कीर्तनाला गेले की ते हिशेबनिसाच्या कानांनी ऐकत, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे. नाथांची गोष्ट कोणत्याही सप्ताहात एकदा तरी होतेच. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैचा फरक येत होता. नाथ रात्रभर जागले, पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढे मन लावलेस, तेवढे देवाकडे लाव. बुवा इथून भक्तीकडे वळतात आणि पै मागेच राहते. अण्णांना ते पटत नसे. हिशेब अर्धवट टाकून झोपी गेलेल्या शिष्याला स्वामी हे म्हणाले असते का, असे ते घरी येताना वाटेत विचारत. ज्याचे मन पैवर ठरते त्याचे देवावरही ठरेल हे दिसले, म्हणून तर त्यांनी सांगितले.

तुकोबांचेही तसेच. त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, हे सगळे सांगतात. त्याआधी वाटणी झाली होती, याची अण्णा आठवण करून देत. धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची निम्मी खते त्यांना देऊन तुकोबांनी फक्त आपल्या वाट्याची बुडवली. दुसऱ्याच्या नावावरचे सोडून देण्याचा हक्क संतालाही नाही, असे अण्णांचे म्हणणे होते. हा अर्थ मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

निवृत्तीनंतर ते आळंदीहून पायी वारीला जाऊ लागले आणि दुसऱ्याच वर्षी दिंडीची वही त्यांच्याकडे आली. ज्यांनी वारी फक्त टीव्हीवर पाहिली आहे, त्यांना दिंडी म्हणजे टाळ-मृदंग वाटतो. तो आहेच. पण दिंडी हा तीन आठवडे चालणारा संसारही आहे. सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, राहुट्या, गॅसच्या टाक्या, पीठ, तूरडाळ, आचारी, आणि या सगळ्यासाठी माणशी ठरलेली भिशी. दिवसभर चालून पाय सुजलेले असताना अण्णा रात्री राहुटीत बॅटरीच्या उजेडात खर्च लिहीत. प्रत्येक मुक्कामाचे पान वेगळे, वर गावाचे नाव: सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. फलटणच्या एका पानावर पावसाने शाई पसरली आहे. तिथे प्रत्येक आकडा बाजूला पुन्हा लिहून त्याखाली सही केलेली आहे.

पंढरपुरात द्वादशीच्या सकाळी, पारण्याची पाने वाढायच्या आधी, ते हा हिशेब मोठ्याने वाचत. दीडएकशे माणसे एकादशीची उपाशी बसलेली असत. जमा, खर्च, शिल्लक असे तीन आकडे सांगून कुणाची सुटका नव्हती. मीठ दोन किलो इथपासून ते सुरुवात करत. पहिल्या वर्षी एक जण चिडून म्हणाला, “अण्णा, देवाच्या दारात कसला हिशेब मांडता?” अण्णा म्हणाले, “माउली, इथं नाही वाचायचा तर कुठं वाचायचा?” आणि पुढची रक्कम वाचली. त्यांनी वाचायची जागाही बदलली. पूर्वी हिशेब झालाच तर पुढच्या खोलीत चार पुरुषांत होत असे. अण्णा मठाच्या मागच्या अंगणात बायका बसत तिथे उभे राहून वाचू लागले, कारण भिशी त्यांनीही तेवढीच भरली होती आणि भाकरीला पीठ किती लागते हे त्यांनाच ठाऊक होते. तिसऱ्या वर्षी एका आजींनी भर वाचनात हात वर करून सांगितले की वाल्ह्याला पीठ एवढे लागलेच नाही. पोते उरले होते आणि ते दुसऱ्या दिंडीला दिले गेले होते. अण्णांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. तो दिवस ते आयुष्यभर सांगत.

माझा आग्रह एवढाच आहे की हे अंगण प्रत्येक गावात असावे. नोंदणी झालेल्या देवस्थानाने हिशेब ठेवून दरवर्षी तपासून घ्यावा, असे 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा सांगतो. पण धर्मादाय कार्यालयाकडे कागद जाणे वेगळे आणि वर्गणी देणाऱ्याने ऐकणे वेगळे. आमच्याच भागात मी पाहते. सप्ताहाची वर्गणी घरटी ठरते, न देणाऱ्याचे नाव पारावर निघते, देणगीदारांची नावे फोटोंसह फ्लेक्सवर येतात. मंदिराच्या जीर्णोद्धारात शिखर किती फुटांचे हे सगळ्यांना पाठ असते. सिमेंट किती लागले हे विचारले, की विचारणाऱ्याची श्रद्धाच कमी आहे असे ठरते. ज्या बाईने भिशीच्या डब्यातून पाचशेची नोट काढून दिली, तिने विचारायचे कुणाला? संशय आला म्हणून विचारावे असेही नाही. आपली नोट दगड झाली की पंगत झाली, हे कळण्याचा आनंद तिचा आहे. चोख हिशेब ठेवणारी मंडळीही वाचून दाखवायचा कंटाळा करतात, आणि त्यामुळे गाव हिशेब ऐकायची सवयच विसरते. मग एखाद्या वर्षी खरोखर गडबड झाली, तर ती कुणाच्या कानाला खटकणार?

अण्णांच्या घरच्या वह्या मी तेराव्यानंतर काढल्या. 1970 पासूनच्या, लाल कापडी बांधणीच्या. माथ्यावर श्री, खाली घरखाते, शेवटच्या काही पानांवर देव खाते. पगार झाला की ठरावीक रक्कम घरखाती नावे आणि देव खाती जमा. पूर्वी दुकानदारांच्या चोपड्यांत धर्मादाय खाते असायचे, तसेच हे. त्यातून वारीला जाणाऱ्या कुणाची भिशी, एखाद्या मुलाच्या वह्या, कुणाच्या मयताचे सामान. नावे बहुतेक लिहिलेली नाहीत, नुसते ‘एक गृहस्थ’. आणि 1988 च्या जूनमध्ये एक नोंद: ‘देव खात्यातून घरखाती उसने रु. 400, मुलीची डी.एड.ची फी.’ पुढच्या आठ महिन्यांत पन्नास-पन्नास करून ते परत जमा झालेले आहेत. त्या आठ महिन्यांत आमच्या घरी सायकलचा टायर फुटका होता आणि अण्णा कारखान्यात चालत जात, हे मला आठवते. त्याचे कारण तेव्हा कळले नव्हते. मुलीच्या शिक्षणाला दिले ते देवालाच पोचले, असे म्हणून त्यांना रक्कम निरंक करता आली असती. कुणी नाव ठेवले नसते. मी ती पाने बराच वेळ धरून बसले होते.

2011 साली आईला अर्धांगवायूचा झटका आला. चार वर्षे ती अंथरुणावर होती आणि ती चारही वर्षे अण्णा वारीला गेले नाहीत. गोळ्यांच्या वेळा, कूस बदलल्याच्या वेळा, लघवीचे माप, सगळे तारखेवार लिहिलेले आहे. आई म्हणायची, “अहो, जाऊन या, मी काही पळून जात नाही.” ते हसत आणि तिचे केस विंचरायला घेत. पुंडलिकाने आईवडिलांची सेवा केली म्हणून देव विटेवर थांबला. बायकोची वेणी घालणाऱ्यासाठी थांबल्याची गोष्ट आपल्या परंपरेत मला सापडलेली नाही, आणि ती असायला हवी होती. त्या चार वर्षांत दिंडीची भिशी मात्र त्यांनी दरवर्षी भरली. वहीत समोर लिहिले आहे: ‘वारी, मुक्काम घरी.’

देव खात्यात आज 1,165 रुपये शिल्लक आहेत. भाऊ म्हणाला, दानपेटीत टाकू. मी नको म्हणाले. ज्यातून ‘एक गृहस्थ’ला द्यायचे ते खाते पेटीत टाकून बंद कसे करायचे? सध्या ते माझ्याकडे आहे आणि या महिन्याच्या पगारातून मी त्यात रक्कम जमा केली आहे.

परवा दिंडीच्या विणेकरी बाबांचा फोन आला. यंदा द्वादशीला हिशेब कोण वाचणार, असे विचारत होते. मी येते म्हणाले. वही त्यांनी कुणाच्या तरी हाती पाठवून दिली आहे. मागच्या वर्षीची शिल्लक 3,480 रुपये, अण्णांच्या अक्षरात, आणि त्याखाली आजींच्या पोत्याची ती जुनी दुरुस्ती अजून त्यांनी दर वर्षी उतरवून घेतलेली: उरलेले पीठ कुणाला दिले ते लिहिणे.